दवाखाना कुणाचा?

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही चारपाच जणी जरा निवांत बसलो, आणि बोलता बोलता विषय निघाला दवाखान्याचा. आपल्या एका सभासद भगिनीच्या सुनेला सातवा महिना लागला होता. तिचे नाव कोठे घालावे, सरकारी रुग्णालयात की खाजगी इस्पितळात, ह्यावर त्यांच्या घरी तीन दिवस खल चालला होता. एकजण म्हणाली, "सरकारीत कोणी विचारीतच नाही, ताटकळत बसा." दुसरी म्हणाली, "खाजगीत सगळे विचारतात; पण पैसे किती आणले, हे आधी विचारतात." सगळ्या हसल्या. हसणे ओसरल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक वृद्ध काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या वेळी असला प्रश्नच नव्हता बाई. दवाखानाच नव्हता."

ह्या तीन वाक्यांत आपल्या जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा बराचसा इतिहास आला आहे, असे मला घरी जाताना वाटले. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हणूनच हा विषय घेतला. मी डॉक्टर नाही, इतिहासाची पंडिताही नाही. पण आपण ज्या वर्धा जिल्ह्यात राहतो तेथे "दवाखाना कुणाचा असावा?" हा प्रश्न देशातल्या इतर पुष्कळ ठिकाणांहून अगोदर, आणि पुष्कळ खोलवर, विचारला गेला आहे. त्याची उत्तरेही येथल्या माणसांनी देऊन पाहिली. ती आपणांस ठाऊक असावीत, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आपला जिल्हा तसा फार जुना नाही. १८६२ साली तो नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. प्रथम त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ साली ते पालकवाडी ह्या लहानशा वस्तीजवळ आणून तेथे वर्धा शहर वसविले. कचेरी आली, आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला आणि त्यांच्यामागून सरकारी दवाखाना आला. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या गावी सिव्हिल सर्जन असे, मोठ्या गावी एखादी डिस्पेन्सरी असे. देवीची लस टोचणारा अधूनमधून खेड्यात फिरे. पण ह्या साऱ्याचे तोंड कचेरीकडे, तुरुंगाकडे नि फलटणीकडे होते. खेड्यातल्या बाईला त्याचा उपयोग नाममात्र. तिच्यासाठी गावची सुईण, आजीबाईचा बटवा आणि देवाचा अंगारा. बाळंतपण अडले तर बंडी जुंपायची आणि वाटेत नदीला पूर नसावा म्हणून हात जोडायचे.

बायकांसाठी म्हणून पहिला मोठा प्रयत्न झाला तो १८८५ साली. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन ह्यांनी निधी उभारला. राजेरजवाडे नि सावकार ह्यांनी देणग्या दिल्या आणि देशभर बायकांची इस्पितळे निघू लागली, स्त्री डॉक्टर नि परिचारिका शिकू लागल्या. काम चांगलेच होते. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रजेच्या अर्ध्या भागाच्या आरोग्यासाठी सरकारने तिजोरी उघडली नाही, वर्गणीची वही उघडली. पुढे १९१८ साली इन्फ्ल्युएन्झाची साथ आली. देशात जे प्रांत सर्वांत जास्त होरपळले त्यांत आपला मध्यप्रांत व वऱ्हाड होता. सरकार दूर आणि दाताही दूर, म्हणजे संकटात काय होते, ते त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

ह्यानंतर आपल्या जिल्ह्यात गांधीजी आले. दवाखान्याच्या इतिहासात त्यांचे नाव यावे ही एक गंमतच आहे. कारण १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज्य' ह्या पुस्तकात त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे ह्यांवर फार कडक टीका केली होती. माणूस वाटेल तसे वागतो, आजारी पडतो, डॉक्टर त्याला बरा करतो आणि तो पुन्हा तसाच वागतो, असे त्यांचे म्हणणे. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला, आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयातच, कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज सर्जनने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ज्या सरकारशी लढा, त्याच सरकारच्या डॉक्टरने प्राण वाचविले. मला वाटते, सरकारी की खाजगी ह्या वादात तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग आठवावा. दुखणे आले की माणसाला पाटी दिसत नाही, डॉक्टर दिसतो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहावयास गेले. पुढे १९४० साली त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. गाव गरीब, घाण पुष्कळ, ताप आणि पोटाचे विकार घरोघर. माती, पाणी, साधा आहार आणि सफाई ह्यांवर गांधीजींचा भर. पण गावात पटकी शिरली तेव्हा मातीपाण्याने भागण्यासारखे नव्हते. त्या वेळी पुढे झाल्या त्या सुशीला नय्यर. १९१४ साली पंजाबात जन्मलेली ही मुलगी दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात डॉक्टर झाली होती आणि आश्रमात राहावयास आली होती. नैसर्गिक उपचारांच्या आश्रमात आधुनिक वैद्यक शिकलेली बाई! दोघांत मतभेद होत, पण काम थांबले नाही.

१९४२ च्या लढ्यात सुशीलाबाई पुण्याच्या आगाखान महालात गांधीजी व कस्तुरबा ह्यांच्याबरोबर बंदिवासात होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच कस्तुरबांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमविण्यात आला. खेड्यातील स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी तो खर्च व्हावा असे ठरले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सेवाग्राम येथे तो गांधीजींच्या हाती देण्यात आला. तुरुंगातून सुटून आल्यावर सुशीलाबाईंनी सेवाग्रामात लहानसा दवाखाना उघडला. रोगी एवढे येऊ लागले की आश्रमाच्या शांततेत व्यत्यय येऊ लागला. तेव्हा बिर्लांनी दिलेल्या एका अतिथिगृहात तो हलविला. १९४५ साली त्याला कस्तुरबा रुग्णालय असे नाव मिळाले. प्रथम खाटा जेमतेम पंधरा, आणि त्याही फक्त बायका व मुले ह्यांच्यासाठी.

ह्या पंधरा खाटा कोणाच्या होत्या? सरकारच्या नव्हत्या. नफ्यासाठी घातलेल्या नव्हत्या. इमारत एका धनिकाची, सेवा आश्रमाची आणि गर्दी गावकऱ्यांची. तिसराच एक प्रकार येथे जन्मास आला, त्याला आपण 'लोकांची संस्था' म्हणू.

ह्या तिसऱ्या प्रकाराची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही पाहावयाच्या असतील तर आपल्या जिल्ह्यातील कुष्ठसेवेचा इतिहास पाहावा. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. त्या काळी महारोगी म्हटले की माणूस घराबाहेर, गावाबाहेर. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे अंग चोळून दिले, हे आपण शाळेत ऐकलेले आहे. ही झाली करुणेची गोष्ट. पण करुणेने एक माणूस बरा होतो, जिल्हा होत नाही.

तो पुढचा टप्पा आला १९५१ साली. गांधी स्मारक निधीतून कुष्ठरोगाच्या कामासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली व तिचे मुख्य ठिकाण वर्ध्यास झाले. डॉ. वारदेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे एक नवी रीत घालून देण्यात आली. रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहावयाची नाही. आपणच घरोघर जाऊन तपासणी करावयाची, लोकांना समजावून सांगावयाचे आणि रोग्याला त्याच्या घरीच गोळ्या द्यावयाच्या. तपासणी, शिक्षण, उपचार अशी ही त्रिसूत्री. रोग्याला कोंडून ठेवण्याऐवजी रोगाला गाठावयाचे. ही रीत भारत सरकारने १९५५ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात उचलली. पुढे अनेक औषधे एकत्र देऊन कुष्ठरोग मुळातून बरा करण्याची पद्धत निघाली, तेव्हा १९८२ च्या सुमारास ती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबविली गेली त्यांत बंगालच्या पुरुलियाबरोबर आपला वर्धा होता. २००५ च्या अखेरीस, दहा हजारांत एकाहून कमी रोगी, ही मर्यादा देशाने एकंदरीत गाठली. रोग संपला असे नव्हे; नवे रोगी विदर्भात अजूनही सापडतात, म्हणून डाग दिसला तर लपवू नये.

भगिनींनो, ह्या एका उदाहरणात मला साऱ्या वादाचे सार दिसते. वाट कोणी दाखविली? लोकांच्या संस्थेने. ती वाट लक्षावधी घरांपर्यंत कोणी नेली? सरकारने. सरकारला वाट सुचली नसती आणि संस्थेला ती तितकी लांब नेता आली नसती. आणि नफ्यासाठी काढलेला दवाखाना तर ह्या कामाला हातच घालता ना, कारण महारोग्याकडे द्यावयाला काय होते?

आता सरकारी बाजूकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. पैसे नाहीत म्हणून कोणाही माणसाला औषधपाण्यावाचून राहावे लागू नये, हे तिचे पहिले तत्त्व. त्यासाठी खेड्यांच्या गटागटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी तिने शिफारस केली. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली. त्या वेळी आपण मध्यप्रदेशात होतो. १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे सोपविली गेली. सपाट मुलखात तीस हजार वस्तीमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, असे आजचे प्रमाण आहे. २००५ पासून गावोगाव आशाताई आल्या.

सरकारी दवाखान्याला नावे ठेवणे सोपे आहे. औषध संपलेले असते, डॉक्टरची जागा रिकामी असते, बाकावर बसून कंबर धरते. हे सारे खरे. पण मुलांना पोलिओचे थेंब कोणी पाजले? सुईणीच्या कोयत्याची जागा स्वच्छ पात्याने कोणी घेतली? लसीची पेटी खांद्याला लावून पावसाळ्यात आर्वी, आष्टी, कारंजाच्या खेड्यांत कोण गेले? ज्या कामात पैसा मिळत नाही आणि ज्याचा उपकार कोणाला दिसत नाही, कारण रोग होतच नाही, ते काम सरकारी परिचारिकेने केले. न झालेल्या दुखण्याचे बिल कोणी फाडीत नाही. म्हणून तिची आठवणही कोणी ठेवीत नाही.

इकडे सेवाग्रामला पुढचा अध्याय लिहिला जात होता. सुशीलाबाईंनी मध्यंतरी अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले होते. १९५२ साली त्या दिल्लीच्या आरोग्यमंत्री झाल्या, आणि १९६२ ते १९६७ ह्या काळात साऱ्या देशाच्या. १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी. डॉक्टर शहरात शिकला की शहरातच राहतो. तेव्हा खेड्यातच शिकवावा, हा विचार. विद्यार्थ्यांनी आरंभी आश्रमात राहावयाचे, खादी घालावयाची, श्रमदान करावयाचे आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथल्या कुटुंबांशी ओळख ठेवावयाची, असा दंडक घातला गेला.

ह्या संस्थेच्या खर्चाची वाटणी मोठी बोलकी आहे. निम्मा भार केंद्र सरकारने उचलावयाचा, चौथाई महाराष्ट्र सरकारने आणि उरलेली चौथाई सोसायटीने स्वतः उभी करावयाची. कारभार सोसायटीचा, पैसा मुख्यतः जनतेच्या तिजोरीचा. स्वतः आरोग्यमंत्री राहिलेल्या बाईंनी ही संस्था सरकारी खाते केली नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी सरकारचा पैसाही नाकारला नाही, हेही लक्षात घ्या. ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामातच त्यांचा अंत झाला.

पण माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान निराळेच आहे, आणि ते ज्वारीने लिहिले गेले आहे. १९७८ च्या सुमाराची गोष्ट. त्याच वर्षी सोव्हिएत संघातील आल्मा आता येथे जगातल्या राष्ट्रांची परिषद भरून "सर्वांसाठी आरोग्य" अशी घोषणा झाली होती. सेवाग्रामच्या रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत जाऊन बसू लागले. गावकरी म्हणत, फुकट द्या. पण फुकटाला हक्क नसतो. दिले तर घ्यावे, न दिले तर गप्प बसावे. मग असे ठरले की सुगी झाली की प्रत्येक घराने आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी. ज्याला जमीन जास्त त्याने जास्त पायल्या, भूमिहीन मजुराने थोड्या. गावातील बहुतेक घरे सामील झाली तरच करार. त्या धान्याच्या पैशातून गावची आरोग्यसेविका व औषधे ह्यांची सोय. आणि अवचित दुखणे येऊन सेवाग्रामला दाखल व्हावे लागले तर सभासदाला उपचार मोफत. आगाऊ ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी, जसे साधे बाळंतपण किंवा मोतीबिंदू, थोडा वाटा द्यावा लागे.

देणे ऐपतीप्रमाणे आणि घेणे गरजेप्रमाणे, ह्या तत्त्वावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. आपल्याकडे ते पायलीने मोजले गेले. आता कोणी म्हणेल, एवढ्या ज्वारीने इस्पितळ चालते काय? नाही चालत. शस्त्रक्रियेचा खर्च, खाटांचा खर्च, डॉक्टरांचे पगार, हे सारे त्या सरकारी अनुदानातूनच भागत होते. पण ज्वारी दिलेली बाई इस्पितळाच्या दारात उभी राहिली म्हणजे ती याचक नसे. ती म्हणू शके, "माझा वाटा आहे." गावाच्या बैठकीत ती विचारू शके, "परिचारिका ह्या महिन्यात का आली नाही?" कर आपण सारेच भरतो, मीठ घेतले, काडेपेटी घेतली तरी भरतो. पण कर भरल्याची आठवण आपल्याला राहत नाही. पायलीभर ज्वारी पोत्यात ओतली की ती आठवण राहते. पुढे शेतांत ज्वारीची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीनने घेतली, पायल्याही माळ्यावर गेल्या. पण त्यातला विचार जुना होण्यासारखा नाही.

आता खाजगी वैद्यकाविषयी. त्यावर अन्याय करून चालणार नाही. गल्लीतला डॉक्टर रात्री दोन वाजता दार उघडतो, उधारीवर औषध देतो, तीन पिढ्यांची प्रकृती त्याला पाठ असते. असे डॉक्टर आपल्या वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत होऊन गेले नि आहेत. पण खाजगी वैद्यक आणि वैद्यकाचा व्यापार ह्यांत फरक आहे. १९८३ च्या सुमारास महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी मिळाली. आपल्या जिल्ह्यात १९९० साली सावंगी मेघे येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व त्याच्याबरोबर मोठे रुग्णालय उभे राहिले. वर्धा शहराच्या दोन बाजूंना दोन मोठी रुग्णालये, एकाला कस्तुरबांचे नाव, दुसऱ्याला विनोबांचे. एवढ्या लहान जिल्ह्याला हे भाग्यच म्हणावे. रोग्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींच्या ओसरीवर आपल्याच खेड्यांतली माणसे डबे घेऊन बसलेली असतात.

तथापि वैद्यकाचा व्यापार झाला तर काय होते, ते मी आमच्याच घरी पाहिले आहे. माझ्या आतेभावाला मध्यरात्री छातीत कळ आली. घाबरून त्याला एका खाजगी इस्पितळात नेले. ते कोणते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. माणूस वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे आम्ही ऋणी आहोत. पण चौथ्या दिवशी बिल हातात आले तेव्हा वहिनीने ते वाचून घडी घालून पदराखाली ठेवले आणि कोणाला काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात गोठ्यातली बैलजोडी बाजारात गेली. त्या वर्षी पेरणी भाड्याच्या बैलांवर झाली, उशीर झाला, पीक निम्मे आले. हृदयाचे दुखणे चार दिवसांत बरे झाले. कर्जाचे दुखणे पुढे सहा वर्षे पुरले. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली त्यांत आपला जिल्हा होता. कर्जाच्या कारणांत आपण बी, खत, लग्न मोजतो. दवाखाना मोजावयास विसरतो.

जगात ह्या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली. इंग्लंडने महायुद्धाने कंबर मोडली असतानाही ५ जुलै १९४८ पासून सगळ्या नागरिकांची वैद्यकसेवा सरकारने चालविण्याचे ठरविले; खर्च कराचा, दारात पैसे नाहीत. अमेरिकेने मुख्यतः खाजगी विम्यावर भिस्त ठेवली आणि १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी व गरिबांसाठी सरकारी सोय केली. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत आणि २०१३ च्या अखेरीपासून सर्वत्र जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव आहे. हीत पैसे सरकारचे, उपचार यादीतल्या सरकारी वा खाजगी रुग्णालयाचे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ह्या योजनेने पुष्कळांचे दागिने वाचविले आहेत. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची गोळी, बाहेरची तपासणी, वारंवारचे हेलपाटे, हा झिजविणारा खर्च घरच्याच खिशातून जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले गेले, हे चांगलेच झाले. मात्र चिठ्ठी मोफत होऊन औषध बाहेरून आणावे लागले तर मोफत हा शब्द पोकळ होतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारने २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करावेत असे म्हटले होते. तो पल्ला आपण गाठू शकलो नाही.

तेव्हा माझे मत विचाराल तर ते असे. सरकारी चांगले की खाजगी, हा प्रश्न अर्धवट आहे. दवाखाना कोणताही असो, त्याच्या दारात उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. जवळ पैसा नसलेली बाई येथून परत जाते काय? घरी निघताना ती कर्ज घेऊन जाते काय? आणि काही चुकले तर जाब विचारण्याचा हक्क तिला आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांसाठी सरकारला पर्याय नाही. एवढा मोठा भार एकट्या दात्याने वा डॉक्टरने उचलावा असे म्हणणे म्हणजे पुन्हा वर्गणीची वही उघडणे होय. सरकारने "खाजगी आहेत ना" असे म्हणून हात झटकू नयेत. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र सरकार पुरत नाही, आपण लागतो. सेवाग्रामच्या ज्वारीने शिकविले ते हेच.

आपल्या मंडळाला ह्यात काय करता येईल? फार मोठे नाही, पण नेमके. सरकारी दवाखान्यांसाठी रुग्ण कल्याण समित्या आहेत, गावपातळीवर आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या आहेत. कागदावर त्यांत बायकांना जागा आहे. ती रिकामी राहते म्हणून दुसरे कोणी बसते. आपल्यापैकी दोघींनी तेथे नियमाने जावे. आपल्या वस्तीतल्या आशाताईचे नाव प्रत्येकीला ठाऊक असावे आणि तिला मंडळाच्या हळदीकुंकवाला पहिले बोलावणे जावे. योजनेची कागदपत्रे दुखणे आल्यावर नव्हे तर आधीच करून ठेवावीत. आणि भिशीच्या शेजारी एक लहानशी दुखण्याची पेटी ठेवावी. प्रत्येकीने ऐपतीप्रमाणे टाकावे, गरजेप्रमाणे उचलावे. पायल्या गेल्या, पण मापाची बुद्धी आपल्यापाशी आहे.

शेवटी ज्या सुनेमुळे हा लेख लिहिला गेला तिच्याविषयी सांगावयाचे राहिले. तिचे नाव आशाताईने उपकेंद्रात घातले, लोहाच्या गोळ्या नि टिटॅनसची टोचणी तेथेच झाली. सोनोग्राफी गावातल्या खाजगी डॉक्टरांकडे झाली. शेवटच्या महिन्यात रक्तदाब वाढला तेव्हा तिला संस्थेच्या रुग्णालयात पाठविले आणि तेथे ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. बारशाला गेले तेव्हा मी गमतीने विचारले, "मग काय ठरले? सरकारी की खाजगी?" सासूबाई पाळण्याची दोरी ओढीत म्हणाल्या, "अहो, तिघांनी मिळून आणली हो हिला. आता एकाने जरी हात काढला असता तर?"

कोपऱ्यातल्या काकूंच्या सासूबाईंना ह्या तिघांपैकी एकही हात लाभला नाही. आपल्या नातींना तिन्ही लाभावेत आणि त्यांपैकी एकही हात सैल पडू नये म्हणून आपण जाग्या राहावे, ही इच्छा व्यक्त करून आणि मंडळास उदंड आयुष्य चिंतून मी येथेच थांबते.